खाकी कागदाची सायकल

अण्णा माणसांना नावाने ओळखत नसत, मापाने ओळखत. "काल ती चव्वेचाळीस कंबर येऊन गेली," असं ते जेवताना बायकोला, म्हणजे अक्कांना, सांगायचे, आणि अक्कांना बरोबर कळायचं की रेशमाचे व्यापारी येऊन गेले. एकदा पेपरातला एक फोटो त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितला. मग म्हणाले, "अडतीस छाती गेला की ग. डावा खांदा स्वल्प उतरता होता बिचाऱ्याचा." गेलेल्या माणसाबद्दल त्यांना एवढंच ठाऊक होतं, पण ते इतक्या मायेने बोलले की अक्कांनी डोळ्यांना पदर लावला.

चिकपेटच्या एका बोळात त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. वरच्या खोलीत मी भाड्याने राहायचो. जिना दुकानातूनच वर जात असल्यामुळे माझं येणं-जाणं त्यांच्या डोळ्यांदेखत व्हायचं. त्यांच्या घराण्याला बेंगळुरात चार पिढ्या झाल्या होत्या. घरात मराठीच बोलत, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलेलं की सुरुवातीला माझी गंमत व्हायची. 'स्वल्प' हा शब्द मी तोवर फक्त पोथीत ऐकला होता. इथे भाजीत मीठसुद्धा स्वल्प कमी पडायचं.

खोली बघायला गेलो तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. चिकोडीकडच्या खेड्यातून आलो होतो आणि शहराबाहेरच्या एका कारखान्यात लेथवर कामाला लागलो होतो, तेही हंगामी. अण्णांनी माझं गाव विचारलं, भाड्याचं सांगितलं, आणि मग गळ्यातली टेप काढून माझे खांदे मोजले.

"सरी," ते म्हणाले, म्हणजे ठीक. "जिना अरुंद आहे. ट्रंक घेऊन सरळ चढू नको, आडवा हो. मागचा भाडेकरू भिंतीचा चुना घेऊन खाली यायचा."

तेव्हापासून ते मला 'बेळगाव' म्हणायला लागले. मी चिकोडीचा, हे दोनदा सांगून पाहिलं. "तिकडचं सगळं बेळगावच," असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला.

माप घेण्याची त्यांची रीत अशी होती की गिऱ्हाईक जाम वैतागायचं. माणूस टेप बघितली की पोट आत ओढतो आणि छाती पुढे काढतो. त्या मापाचा कोट मग लग्नाच्या पंगतीत उसवतो. म्हणून अण्णा टेप हातात धरून नुसत्या गप्पा मारत बसायचे. रेशमाचे व्यापारी कोटासाठी आले तेव्हा अण्णांनी त्यांना पाऊण तास उभं ठेवलं. श्वास काही सुटेना. शेवटी अण्णांनी सहज विचारलं, "जावई काय म्हणतात तुमचे?" व्यापारी भडकले. जावयाचा एकेक पराक्रम सांगता सांगता त्यांचं पोट सावकाश बाहेर आलं, आणि अण्णांनी तेवढ्यात टेप फिरवून आकडा अक्कांना सांगून टाकला.

"माणूस बोलायला लागला की खरं माप देतो," ते म्हणायचे.

सायकलीचं प्रकरण मी तिथे राहायला लागल्यावर दुसऱ्या वर्षी घडलं. आमच्या कारखान्यात परदेशी शिकून आलेले एक साहेब होते. त्यांच्या डोक्यातून एक तिहेरी शर्यत निघाली. कारखान्यामागचं तळं पोहून जायचं, तिथून सायकलीने आठ मैल, आणि शेवटी दोन मैल पळायचं. सगळं एका दमात. असली शर्यत कुणी ऐकली नव्हती. पण तिच्यात नाव काढणाऱ्याचा कायम करताना आधी विचार होईल, अशी बोलवा उठली, आणि आम्ही हंगामी पोरं कामाला लागलो.

पोहायचं मला भय नव्हतं, दूधगंगेत वाढलेलो. पळायचंही अंगात होतं. सायकल मात्र नव्हती. कारखान्याच्या बसने जायचो-यायचो. साठवलेले शंभर रुपये होते, आणि नव्या रेसच्या सायकलीसमोर त्या रकमेचं नाव काढायची सोय नव्हती. जुनी शोधायची ठरवली आणि अक्कांना सांगितलं. अक्कांनी अण्णांना सांगितलं. तिथून ती गोष्ट माझी राहिली नाही.

अण्णांनी स्वराज्याच्या आधी आठ वर्षं दंडूत, म्हणजे लष्करी छावणीत, शिवणकाम केलं होतं. तिथल्या गोऱ्या सोजिरांमध्ये सायकलीच्या शर्यती चालत आणि त्यांच्या तंग चड्ड्या अण्णा शिवत. चड्ड्या फाटून परत आल्या की अण्णा मैदानावर जाऊन बसायचे आणि त्या का फाटतात ते बघायचे. "कापड उगाच नाही फाटत, बेळगाव. सायकल मोठी असली की इथं फाटतं, लहान असली की तिथं. सोजीर म्हणायचा शिंपी वाईट. मी म्हणायचो, तुझी सायकल तुझ्या मापाची नाही."

रविवारी सकाळी त्यांनी मला दुकानात भिंतीला टेकवून उभं केलं. पायाचं माप घेतलं, मांडीचं वेगळं, नडगीचं वेगळं. काखेपासून मुठीपर्यंत हात मोजला. मग जमिनीवर खाकी कागद अंथरला, खडूने रेघा मारल्या आणि कात्री चालवली. कोटाची पाठ कापावी तशी त्यांनी सायकल कापली. वरची दांडी, खालची दांडी, सीटची नळी, सगळं पुऱ्या आकाराचं. सांधे खळीने चिकटवले आणि तो तिकोनी सांगाडा माझ्यापुढे धरला.

"ही तुझी सायकल," ते म्हणाले. "आता ही कुणाकडे आहे, तेवढं शोधायचं."

पुढचे चार रविवार आम्ही ती कागदाची सायकल गुंडाळी करून बेंगळूरभर हिंडवली. गुजरी म्हणजे जुना बाजार, दंडूतली दुकानं, गॅरेजं, काही सोडलं नाही. अण्णा दुकानात शिरायचे, गुंडाळी उलगडायचे आणि तिथल्या सायकलीला लावून बघायचे. दुकानदार आधी हसत, मग चिडत. एकाने विचारलं, "स्वामी, सायकलीला सदरा शिवताय काय?" अण्णांनी शांतपणे उत्तर दिलं, "ह्या सायकलीला नको. हिचं अंग सरळ नाही." मी बाजूला उभा राहून मेल्याहून मेल्यासारखा व्हायचो.

चौथ्या रविवारी दंडूतल्या एका दुकानात ती दिसली. पिकल्या टोमॅटोसारखी लाल. मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल, बारीक चाकं, आणि चकाकत्या तारा. भाव करून दुकानदार माझ्या रकमेवर उतरला. मी खिशात हात घातलाच होता, तेवढ्यात अण्णांनी कागद लावला. सायकल कागदाच्या दोन बोटं वर आणि दोन बोटं पुढे जात होती.

"बेडा," ते म्हणाले. नको.

"अण्णा, दोन बोटांनी काय होतंय?"

"दोन बोटं लांब बाही झाली तर तू जेवताना आमटीत बुडवशील."

"पण सायकल चांगली आहे हो. रंग तरी बघा."

"रंग काय पायडल मारतो?" त्यांनी गुंडाळी केली आणि चालू लागले. मी दुकानदाराकडे बघितलं, सायकलीकडे बघितलं, आणि त्यांच्यामागून निघालो.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर मी एकटा परत गेलो आणि ती लाल सायकल घेतली.

ती चिकपेटला आणायची माझी छाती नव्हती. कारखान्यातल्या एका सोबत्याच्या घरी ठेवली आणि रोज सकाळी तिथे जाऊन चालवायला लागलो. अण्णांना सांगितलं की शर्यतीसाठी पळायला जातो. त्यांनी विचारलं, "सायकल?" मी म्हणालो, "बघतोय." ते "सरी" म्हणाले आणि त्यांनी कागदाची गुंडाळी कपाटावर ठेवून दिली. त्या 'सरी'ने मला दिवसभर बरं वाटलं नाही.

तीन आठवड्यांत माझा उजवा गुडघा सुजला. सवय नाही म्हणून असेल, असं मी स्वतःला समजावलं. त्यातच पॅन्ट विरली, तेव्हा ती अक्कांकडे दुरुस्तीला दिली. त्याच संध्याकाळी अण्णा जिना चढून वर आले. ते माझ्या खोलीत कधी येत नसत. त्यांच्या हातात माझी पॅन्ट होती.

"बस," ते म्हणाले. पॅन्ट उलटी करून दिव्याखाली धरली. "आसन बघ. उजवीकडे जास्त झिजलंय, डावीकडे कमी. पळणाऱ्याची पॅन्ट अशी झिजत नाही. सीटवर बसून पाय पुरत नाही म्हणून जो माणूस कंबर हलवतो, त्याची अशी झिजते." मग त्यांनी विचारलं, "लाल सायकल कुठं ठेवलीयस?"

मी खरं सांगितलं. वाटलं, आता खोली सोडायला सांगतील. त्यांनी पॅन्टची घडी घातली, कॉटवर ठेवली आणि खाली गेले.

पुढचे दोन दिवस ते माझ्याशी शब्द बोलले नाहीत. मी जिन्यातून उतरलो की मान खाली घालून कापडावर खडू मारत राहायचे. अक्कांनी कॉफी दिली तेव्हा मी विचारलं, "फार रागावलेत का हो?"

"रागावले असते तर बरं झालं असतं," अक्का म्हणाल्या. "त्यांना वाटतंय, त्यांचं माप चुकलं. तुझ्या पायाचं नाही. तुझं."

ते ऐकल्यावर पेला अक्कांच्या हातात परत दिला. मी तसाच खाली दुकानात गेलो. दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोरच म्हणालो, "अण्णा, चुकलं माझं. मी खोटं बोललो. ती सायकल माझ्या मापाची नाही, आणि आता माझ्याकडे पैसेही नाहीत."

अण्णांनी खडू खाली ठेवला. "कापड चुकीचं कापलं गेलं की शिंपी रडत नाही बसत," ते म्हणाले. "त्यातून कुणाचं काय निघतंय ते बघतो. सायकल घेऊन ये."

दुकानदाराने सायकल परत घ्यायला साफ नकार दिला. शर्यतीला महिना उरला होता. अण्णांचं म्हणणं साधं होतं. माझ्यासाठी मोठी असलेली सायकल कुणासाठी तरी बरोबर असणार, आणि तो माणूस ह्याच शहरात लहान सायकलीवर हाल काढत असणार. त्याला गाठायचं. ते दुकानाच्या पायरीवर स्टूल टाकून बसायला लागले. हातात तुरपाई आणि नजर रस्त्यावर. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक सायकलवाल्याचे गुडघे बघत. मला हा सगळा वेडेपणा वाटत होता, पण बोलायचं तोंड माझ्याकडे राहिलं नव्हतं.

सातव्या-आठव्या दिवशी, शनिवारी दुपारी, अण्णा एकदम उठले. बोळाच्या तोंडाशी एक लांबलचक अँग्लो-इंडियन गृहस्थ सायकलीवरून चालले होते. गुडघे दोन्ही बाजूंना फाकलेले, पाठ कोळंबीसारखी वाकलेली. अण्णा थेट रस्त्यात धावले. एका जटक्याचा, म्हणजे टांग्याचा, घोडा बिचकला.

"सार! सार! राँग सायकल!"

ते गृहस्थ घाबरून थांबले. त्यांना वाटलं, आपण चुकून दुसऱ्याची सायकल आणली. मी धावत जाऊन मोडक्या इंग्रजीत खुलासा करेपर्यंत अण्णांनी भर रस्त्यात त्यांच्या पायाला टेप लावली होती. "सदतीस इंच पाय!" त्यांनी मला ओरडून सांगितलं, खजिना सापडावा तसं.

हे गृहस्थ एका शाळेत भूगोल शिकवत. स्वभाव इतका शांत की बोळात माणसं जमली तरी ते हँडल धरून उभे राहिले. सायकल त्यांच्या थोरल्या भावाची होती. भाऊ बुटका होता, तो बोटीने ऑस्ट्रेलियाला गेला आणि ही मागे राहिली. गेली पाच वर्षं आपले गुडघे दुखतात, आपण समजत होतो वय झालं, असं ते म्हणाले.

मी दुकानात जाऊन कपाटावरची कागदाची गुंडाळी आणली. सायकल काळी होती, रंग ठिकठिकाणी उडालेला, मडगार्ड वाकलेलं. अण्णांनी खाकी कागद तिच्या दांडीवर धरला. दांडी कागदाखाली नाहीशी झाली. कुठे बोटभरही जास्त नाही, कमी नाही. अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. कागद पुन्हा एकदा काढून पुन्हा लावला, नुसता बघण्याच्या सुखासाठी.

मास्तरांना लाल सायकलीवर बसवलं. ते बोळाच्या टोकापर्यंत जाऊन आले. उतरल्यावर त्यांनी आधी आपल्या गुडघ्यांना हात लावून पाहिला. अदलाबदलीचा सौदा तिथेच ठरला असता, पण भावाची आठवण द्यायची म्हणून ते घुटमळले. अण्णांनी त्यांच्या पायांकडे बघितलं. पॅन्ट घोट्याच्या चार बोटं वर संपत होती.

"सार, तुम्हाला कुणी पुऱ्या लांबीची पॅन्ट शिवली नाही?"

मास्तर ओशाळून हसले. शिंपी कापड वाचवतात, ते म्हणाले, आणि मला भांडता येत नाही.

"मी शिवतो. दोन," अण्णा म्हणाले. "घोट्याखाली जाईल अशी."

त्या दोन पॅन्टींचं कापड अण्णांनी स्वतःच्या कपाटातून काढलं. मी त्याचा विषय काढला तर "तू मध्ये बोलू नको" म्हणाले. आठ दिवसांनी मास्तर त्यातली एक घालून लाल सायकलीवरून बोळातून गेले, ताठ पाठीने, आणि जाताना अण्णांना त्यांनी टोपी काढून सलाम केला. अण्णांना त्या दिवशी दुपारचं जेवण गेलं नाही, इतके ते खूश होते.

काळ्या सायकलीवर बसल्यावर पहिल्या वळणावरच मला फरक कळला. तिच्यावर बसलोय हे विसरायला व्हायचं. आठवड्यात गुडघ्याची सूज उतरली.

शर्यत रविवारी सकाळी होती. अण्णा आणि अक्का जटका करून आले. अण्णांनी कोट घातला होता, अक्कांनी डब्यात चित्रान्न आणलं होतं. तळ्यातून मी सगळ्यांत आधी बाहेर आलो. सायकलीवर आठ मैलांत एकच जण मला ओलांडून गेला, फौजेतून निवृत्त होऊन कारखान्याच्या फाटकावर लागलेला एक शीख रखवालदार. पळताना त्याला गाठायचा मी जीव तोडून प्रयत्न केला. शेवटच्या फर्लांगात त्याचा घाम मला दिसत होता, पण गाठता आलं नाही. मी दुसरा आलो.

गवतावर उताणा पडलो होतो, तेव्हा अण्णा शेजारी येऊन बसले. सगळे विजेत्याभोवती गेले होते.

"वळणावर उभा होतो मी," ते म्हणाले. "बाकीच्यांची कंबर हलत होती. तुझी नाही हलली." एवढंच बोलून ते मास्तरांना भेटायला गेले. लाल सायकल घेऊन मास्तरही आले होते.

सहा-सात महिन्यांनी मी कायम झालो. शर्यतीमुळे, की लेथवर हात बसला होता म्हणून, कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

पुढे लग्न ठरलं, राजाजीनगरात घर मिळालं, आणि चिकपेटची खोली सोडायचा दिवस ठरला. त्याच्या आधीच्या रविवारी पहाटे दारावर टकटक झाली. उघडलं तर अण्णा. आयुष्यभर धोतर नेसणारा माणूस पॅन्ट घालून उभा होता, नवी, राखी रंगाची, घोट्याशी दोरीने बांधलेली. मागे अक्का थर्मास घेऊन.

"बेळगाव, सायकल काढ," ते म्हणाले. "मला शिकव."

मला आधी कळलंच नाही. "म्हणजे? तुम्हाला येत नाही?"

"नाही."

"मग सोजिरांना, मला... एवढं सगळं..."

"शिवायचो. बघायचो." ते जिन्याकडे बघत म्हणाले. "मैदानावर आठ वर्षं बसलो. एकाही सोजिराने म्हटलं नाही, ये, बसून बघ. आणि मी विचारलं नाही. आता तू जातोस. मग कुणाला विचारू?"

किल्ल्यापलीकडच्या मैदानात धुकं होतं. अण्णा साठीला आले होते. सायकल त्यांच्या उंचीला मोठी होती, पाय कसेबसे टेकत होते. मी चाचरत म्हणालो, "अण्णा, ही तुमच्या मापाची नाही. बघू, दुसरी कुणाची..."

"असू दे," ते म्हणाले. "तू धर."

मी सीट धरून धावलो. दोनदा पडले. दुसऱ्यांदा नव्या पॅन्टचा गुडघा फाटला. तो त्यांनी बघितलाही नाही. तिसऱ्यांदा मी धरलेला हात सुटला, की मी सोडला, मला आज सांगता येणार नाही. अण्णा पुढे निघून गेले. हँडल लटपटत होतं, कोपरं बाहेर गेली होती, पाठ धनुष्यासारखी झाली होती. त्यांनी आयुष्यभर लोकांच्या ज्या ज्या चुका काढल्या, त्या सगळ्या ते एकदम करत होते. धुक्यात मैदानाच्या टोकापर्यंत गेले, भलंमोठं वळण घेतलं आणि आमच्याच दिशेने यायला लागले.

थांबायचं कसं ते मी शिकवलं नव्हतं.

"ब्रेक! अण्णा, ब्रेक दाबा!" मी ओरडत धावलो. ते थेट अक्कांवर येत होते. अक्का जागच्या हलल्या नाहीत. थर्मास खाली ठेवला, पदर खोचला, आणि सायकल हाताशी आली तशी दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरून थांबवली. अण्णा सीटवरून पुढे घसरून दांडीवर आले आणि तिथेच उभे राहिले, धापा टाकत, चष्मा नाकाच्या टोकावर.

दोघं तशीच उभी होती. मग अण्णा हसायला लागले. मी त्यांना मोठ्याने हसताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. अक्काही हसायला लागल्या, पण हँडल त्यांनी सोडलं नाही.

"सोड ग," अण्णा म्हणाले. "अजून एक चक्कर मारतो."